बालसंगोपनात पित्याचा वाटा

घरात मूल जन्माला आले की पेढे वाटले जातात, बारसे होते, नाव ठेवले जाते. त्यानंतर मात्र मुलाचे खाणे-पिणे, दुखणे-खुपणे, अंघोळ आणि रात्रीचे जागरण हा सर्व कारभार आईकडे जातो. वडिलांकडे उरते ते फक्त मिळवून आणणे. आपला तरुण आज शिकलेला आहे, नोकरी-धंद्यात आहे, सभा-संमेलनांतून स्त्री-पुरुष समतेवर तो चांगले बोलतो. परंतु घराच्या उंबरठ्याआत ही वाटणी अजून फारशी बदललेली नाही. प्रस्तुत लेखात या वाटणीचा विचार केवळ समतेच्या दृष्टीने नव्हे, तर मुलाच्या जिवाच्या दृष्टीने करावयाचा आहे. घरातील काही कामे अशी आहेत की, ती वडिलांनी अंगावर घेतली तर मूल धडधाकट वाढते. ती तशीच पडून राहिली तर आईने कितीही जीव टाकला तरी मूल पुन्हा पुन्हा आजारी पडते.

एके काळी बालमृत्यूने कोणाचेच घर सोडले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. त्या काळी आई-बापांच्या हाती फारसे काही नव्हते. आज लहान मुलांचे बहुतेक नेहमीचे आजार टाळता येतात किंवा वेळीच बरे करता येतात, आणि त्यासाठी लागणारी साधने खेड्यातही मिळतात. म्हणून आजच्या बापाची जबाबदारी अधिक आहे.

जामखेडने दिलेला धडा

याचा पुरावा शोधण्यासाठी दूर जावयास नको. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यापूर्वी हे दांपत्य आपल्याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. तेथे त्यांना एक गोष्ट सतत खटकत असे. जुलाबाने, खोकल्याने बेजार झालेले मूल औषधाने बरे होऊन घरी जाई आणि काही दिवसांनी त्याच दुखण्याने परत येई. रुग्णालयात मूल बरे होत होते. पण घर होते तसेच होते.

जामखेडला त्यांनी म्हणूनच दवाखान्याबरोबर गावाला आणि घराला हात घातला. गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेक जणी दलित वस्तीतील होत्या. ही बाजू पुष्कळांना ठाऊक आहे. पुरुषांची बाजू तितकी सांगितली जात नाही. गावातील तरुण पुरुष आरोग्याच्या बैठकीला येईनात, तेव्हा प्रकल्पाने संध्याकाळी व्हॉलीबॉलचे खेळ सुरू केले. खेळाच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र येऊ लागली. खेळानंतर गुरांच्या, पिकांच्या, पाण्याच्या गोष्टी निघू लागल्या आणि त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली. या मंडळांतील पुरुषांनी सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले, झाडे लावली, लहान मुलांच्या सामुदायिक स्वयंपाकघराला धान्य आणि श्रम दिले. पिण्याच्या पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसतील अशी योजना केली गेली. त्यामुळे सर्व गावाला पाण्यासाठी तेथे यावे लागले.

याचा परिणाम काय झाला? प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली त्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले एक वर्षाच्या आत दगावत होती, म्हणजे सहांत एकाहून अधिक. १९७६ साली हे प्रमाण ५२ वर आले. मधल्या काळात १९७२ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे यश एकट्या शोषखड्ड्याचे नव्हे. लस, आहार, औषधे, बाळंतपणातील काळजी या सर्वांचे ते आहे. पण घरातील स्त्री आणि पुरुष दोघेही कामाला लागल्याशिवाय ते मिळाले नसते.

जुलाब आणि कुपोषणाचे चक्र

घराची स्वच्छता आणि मुलाचा जीव यांचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे. विष्ठेतील जंतू हात, माशी, पाणी किंवा माती यांच्यामार्फत मुलाच्या तोंडात जातात. मुलाला जुलाब होतात. जुलाबात भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि वजन घटते. वजन घटलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून त्याला पुन्हा जुलाब किंवा न्यूमोनिया होतो. असे तीन-चार फेरे झाले की मूल खंगते. लोक म्हणतात, 'पोर मुळातच किरकोळ आहे.' मूल मुळात किरकोळ नसते. ते या चक्रात सापडलेले असते. हे चक्र ज्या ज्या ठिकाणी तोडता येते, तेथे तेथे वडिलांना काम आहे.

सांडपाणी आणि शोषखड्डा

बँकेत कर्जाच्या टेबलावर काम करताना एक गोष्ट नेहमी दिसते. घरासाठी कर्ज मागणारा तरुण फरशी, रंग आणि दाराची चौकट यांचा हिशेब तोंडपाठ सांगतो. सांडपाणी कोठे जाणार, असे विचारले तर 'ते बघू पुढे' म्हणतो. पुढे ते पाणी दारातच साचते आणि तेथे डास होतात.

शोषखड्डा एका सुट्टीच्या दिवशी होणारे काम आहे. सुमारे तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन-साडेतीन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, त्यावर मुठीएवढे दगड किंवा विटांचे तुकडे आणि वर बारीक खडी भरावी. मध्यभागी बुडाला भोके पाडलेला माठ ठेवून त्यात नारळाच्या शेंड्या भराव्यात आणि मोरीचे पाणी त्या माठात सोडावे. शेंड्यांत खरकटे व तेलकटपणा अडकतो आणि पाणी खाली झिरपते. वरून गोणपाट टाकून माती लोटावी. शेंड्या दर पंधरा दिवसांनी बदलाव्यात, नाहीतर खड्डा तुंबतो. विहीर किंवा हातपंप पन्नास फुटांच्या आत असू नये. मुरमाड जमिनीत हा खड्डा उत्तम चालतो. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे तेच पाणी पाटाने परसात न्यावे आणि केळी, पपई, शेवगा, अळू लावावे. मुलाच्या ताटात शेवग्याचा पाला आणि पपई आली, तर पाणी दोनदा कामी आले असे म्हणावयास हरकत नाही.

डासांबाबत आणखी एक गोष्ट. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून रांजण, टाकी, कुलर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करावेत. जड रांजण उपडा करणे हे काम बाळंतिणीवर सोडू नये.

दोन खड्ड्यांचे शौचालय

गवंडी पुष्कळदा एकच मोठी बंदिस्त टाकी सुचवितो. टाकी भरली की ती कोणी तरी उपसावी लागते. ते काम आपल्या देशात शतकानुशतके कोणाच्या माथी मारले गेले, हे या स्मरणिकेच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. २०१३ च्या कायद्याने माणसाला हाताने मैला उपसावयास लावणे किंवा संरक्षक साधनांवाचून गटार-टाकी साफ करावयास लावणे हा गुन्हा आहे. तरीही टाक्यांत उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या येतच आहेत. आपल्या घरात तरी असे बांधकाम असू नये की ज्यासाठी पुढे कोणाला आत उतरावे लागेल.

दोन खड्ड्यांच्या शौचालयात हा प्रश्नच राहत नाही. भांड्याखाली थोडे पाणी कायम राहते, त्यामुळे वास व माशी वर येत नाही. तेथून मैला एका छोट्या चेंबरमधून एका वेळी एकाच खड्ड्यात जातो. खड्ड्याच्या बाजू विटांच्या जाळीच्या असतात आणि तळ मातीचाच असतो. तेथून पाणी व वायू जमिनीत मुरतात. पाच माणसांच्या घरात एक खड्डा भरण्यास साधारण तीन वर्षे लागतात. मग चेंबरमधील तोंड बंद करून दुसरा खड्डा सुरू करावयाचा. पहिला खड्डा दोन वर्षे झाकून ठेवला की आत कोरडे, वास नसलेले खत तयार होते. ते घरच्या माणसाने फावड्याने काढून झाडांना घालावे. खड्ड्याच्या तळाला सिमेंट करू नये, आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून येथेही पन्नास फुटांचे अंतर राखावे.

लहान बाळाची शी निरुपद्रवी असते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तीही शौचालयातच टाकली पाहिजे. ती काढण्याचा आणि मग साबणाने हात धुण्याचा पहिला मान वडिलांनी घ्यावा.

पाणी, जुलाब आणि मीठ-साखरेचे पाणी

पिण्याच्या पाण्याचे भांडे उंचावर, झाकून ठेवावे आणि त्याला तोटी बसवावी; नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. हात बुडवून घेतलेला एक पेला सर्व भांड्याचे पाणी बिघडवितो. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळून घ्यावे.

मुलाला जुलाब लागले तर पहिला धोका अंगातील पाणी आणि क्षार कमी होण्याचा असतो. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी घरात असावीच. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त पडू देऊ नये. हे पाणी चमच्या-चमच्याने वरचेवर पाजावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे बंद करू नये. डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सल्ल्याने जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, पाणी पिईना किंवा शीतून रक्त गेले, तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा. रात्री दोन वाजता चमच्याने पाणी पाजत बसणे हे आई इतकेच बापालाही जमते.

लसीकरणाचे कार्ड

पगाराची तारीख, हप्त्याची तारीख आपल्या ध्यानात असते. मुलाच्या लसीची तारीखही तशीच असावी. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे जन्मताच बीसीजी, पोलिओ व कावीळ-ब या लसी. ६, १० व १४ आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली व १६ ते २४ महिन्यांत दुसरी मात्रा दिली जाते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर दुधाबरोबर वरचे अन्न, हा नियम घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याचे काम मुलाच्या वडिलांनीच करावे. सुनेपेक्षा मुलाचे सांगणे घरात लवकर ऐकले जाते, ही वस्तुस्थिती आहे. अंगणवाडीत दरमहा वजन करून घ्यावे. सलग दोन महिने वजन वाढले नाही तर कारण शोधावे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला जातात आणि मुले कोपीवर वाढतात. त्यांच्यासाठी तर लसीकरणाचे कार्ड हे रेशनकार्डाइतकेच महत्त्वाचे. ते बरोबर न्यावे; राहिलेली लस कोणत्याही गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.

वेळ कोठून आणावयाचा?

'हे सर्व खरे, पण वेळ कोठे आहे?' हा प्रश्न तरुण हमखास विचारतात. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. बँक कर्मचाऱ्यांना ती २०१५ च्या वेतन करारापासून मिळू लागली. ज्यांना ही रजा मिळते त्यांनी ती पाहुण्यांच्या सरबराईत न घालवता बाळंतिणीच्या आणि बाळाच्या कामी लावावी. मजुरी करणाऱ्या बांधवाला अशी रजा नाही, हे खरे. ती त्यालाही मिळावी अशी मागणी आपण केली पाहिजे. पण जामखेडच्या शेतकरी मंडळांतील पुरुषांनाही रजा नव्हती. दिवसा रानात राबून संध्याकाळी ते एकत्र येत होते.

आपल्या विद्यार्थी बंधू-भगिनींना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. तुम्ही उद्याचे आई-बाप आहात, आणि आज घरात धाकटी भावंडे आहेत. येत्या रविवारी घराभोवती एक फेरी मारा. पाणी कोठे साचते, पिण्याचे भांडे झाकलेले आहे काय, धाकट्याचे कार्ड पूर्ण आहे काय, एवढे पाहा आणि जे उणे दिसेल त्याला वडिलांबरोबर हात लावा. संस्थेच्या प्रत्येक वस्तीतील पाच-दहा तरुणांनी मिळून महिन्याला एक शोषखड्डा जरी केला, तरी वर्षाला बारा दारांतले डबके नाहीसे होईल आणि त्या बारा घरांतील मुले त्याचा लाभ घेतील.