सर्पगंधा व खाजकुहिली

बोरिवलीच्या डोंगरात पावसाळ्यानंतर हिंडणाऱ्यास खाजकुहिलीची ओळख करून द्यावी लागत नाही. शेंगेवरील लव अंगास लागली की ती स्वतःच ओळख देते. तिच्या बियांचा संबंध मात्र मनुष्याच्या वागणुकीशी आहे, आणि तो उलगडला सर्पगंधेमुळे.

सर्पगंधेचे मूळ उन्मादावर देण्याची प्रथा जुनी. 1931 मध्ये कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी तिचा शामक गुण नोंदविला. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम वकील यांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडात तिच्यातील रेसर्पीन वेगळे करण्यात आले. हे द्रव्य मेंदूतील डोपामीनचा साठा रिता करते. रेसर्पीनने निश्चेष्ट झालेले ससे डोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागतात, असे आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखविले. हाच डोपा खाजकुहिलीच्या बियांत असतो. मद्रासेत तो 1937 मध्येच त्यांतून काढण्यात आला होता! त्याचे मर्म उमगण्यास वीस वर्षे लागली.

कंपवातात डोपामीनच आटते. चेहरा भावशून्य होतो, बोलणे मंदावते, आणि घरची माणसे त्यास हट्ट वा बेपर्वाई समजतात. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी 1978 मध्ये अशा रुग्णांवरील या बियांच्या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मात्र बियांतील डोपाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. चालू औषधाबरोबर घरचे चूर्ण घेतल्यास मात्रा वाढून मळमळ, अनैच्छिक हालचाली, क्वचित भ्रमही उद्भवतो.