मूळ कथेशी इमान

एखादी कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेली, की तिचे रूप पालटते. कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो, आणि प्रत्येक वेळी मूळ कृतीवर प्रेम करणारा रसिक विचारतो, ‘हे मुळाला धरून आहे काय?’ हा प्रश्न वावगा नाही. ज्या कथेने बालपणीचे दिवस उजळले, तिची कोणी मोडतोड करू नये असे वाटणे हे प्रेमाचेच लक्षण होय. आज हा प्रश्न फार आवेशाने विचारला जातो तो अमेरिकेतील महानायकांच्या, म्हणजे ज्यांना ‘सुपरहीरो’ म्हणतात त्यांच्या चित्रपटांविषयी. हे नायक प्रथम चित्रकथांच्या स्वस्त पुस्तकांत जन्मले आणि पुढे रुपेरी पडद्यावर आले. पडद्यावर येताना त्यांपैकी काहींचा वर्ण बदलला, काहींचा वंश बदलला, काही ठिकाणी पुरुषाची भूमिका स्त्रीने केली. यावर एक पक्ष म्हणतो, ‘ही मुळाशी बेइमानी आहे.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘मूळच अन्यायी असेल, तर त्याच्याशी इमान कसले?’ या वादाचा निवाडा करावयाचा, तर मूळ कशाला म्हणावे आणि इमान कशाला म्हणावे, याचा आधी विचार केला पाहिजे.

या नायकांच्या परंपरेचा आरंभ सामान्यतः १९३८ पासून मानतात. त्या वर्षी क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल व जो शूस्टर या दोन तरुणांचा ‘सुपरमॅन’ प्रथम छापला गेला. दोघेही परदेशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतील होते. त्यांचा नायकही परकाच; नष्ट होणाऱ्या एका ग्रहावरून पृथ्वीवर आलेले ते अनाथ मूल. पुढील काही वर्षांत असे अनेक नायक निर्माण झाले. परंतु परक्याच्या वेदनेतून उगवलेल्या या वृक्षाची छाया फार काळ सर्वांना लाभली नाही. नायक जवळजवळ सगळे गोरे असत. कृष्णवर्णीय माणूस चित्रांत आलाच, तर तो बहुधा जाड ओठांचा, बावळट, हसण्यासाठी आणलेला चाकर असे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा शाळा, आगगाडीचे डबे आणि उपाहारगृहे वर्णानुसार कायद्यानेच विभागलेली होती. समाजात जी भिंत होती, तीच कागदावरही उभी राहिली. म्हणून पुष्कळ नायक गोरे असणे ही कथेची गरज नव्हती. ती त्या काळाची सवय होती.

दुसरी गोष्ट अशी, की ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तेही स्थिर नसते. पहिल्या कथांतील सुपरमॅन आकाशात उडत नसे. तो केवळ लांब उड्या घेई. ज्या हिरव्या खनिजापुढे त्याची शक्ती ओसरते, ते ‘क्रिप्टोनाइट’ प्रथम १९४३ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत आले आणि चित्रकथेत त्याचा प्रवेश झाला तो १९४९ मध्ये. म्हणजे रूपांतराने मुळाला दान दिले, आणि पुढे तेच मूळ म्हणून मानले गेले. ‘थॉर’ या चित्रपटात २०११ साली नॉर्स देवांचा द्वारपाल हाइमडॉल याची भूमिका इद्रिस एल्बा या कृष्णवर्णीय नटाने केली, तेव्हा काहींनी चित्रपटावर बहिष्काराची हाक दिली. परंतु नॉर्स पुराणांतील थॉर हा तांबड्या दाढीचा देव आहे. १९६२ साली चित्रकथाकारांनी त्याला दाढी नसलेला, सोनेरी केसांचा वीर बनविले, तेव्हा या फरकावरून कोणी असा गदारोळ केला नव्हता. ज्या बदलाची सवय झालेली असते तो बदल वाटत नाही, हेच यावरून दिसते.

मग वाटेल तो बदल करावा काय? तसे मुळीच नाही. घराचा रंग बदलला तरी घर तेच राहते. परंतु खांब काढला तर घर उरत नाही. कथेतही काही गोष्टी रंगासारख्या असतात आणि काही खांबांसारख्या. रूपांतर करणाराची खरी परीक्षा यातच, की कोणती गोष्ट रंग आणि कोणती खांब हे त्याने ओळखावे. निक फ्युरी हा गुप्त संघटनेचा प्रमुख १९६३ च्या चित्रकथेत गोरा होता. २००२ मध्ये निघालेल्या एका नव्या चित्रकथेत त्याला सॅम्युएल जॅक्सन या कृष्णवर्णीय नटाचा चेहरा दिला गेला, आणि २००८ पासून चित्रपटांत ती भूमिका त्याच नटाने केली. फ्युरीची धूर्तता, त्याची करडी शिस्त, त्याच्या डोळ्यावरील पट्टी हे सारे तसेच राहिले. येथे वर्ण हा रंग होता. तो बदलला तरी खांब हलला नाही.

याच्या उलट उदाहरण ‘ब्लॅक पँथर’चे. १९६६ साली स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी वकांडा नावाच्या काल्पनिक आफ्रिकी राज्याचा राजा टीचाला निर्माण केला. हे राज्य कोणत्याही साम्राज्याच्या टाचेखाली कधी गेले नाही, आणि एका दुर्मिळ धातूच्या बळावर ते विज्ञानात जगाच्या पुढे आहे, अशी ती कल्पना. आफ्रिका म्हणजे अज्ञान आणि दैन्य, या रूढ समजुतीला ते उत्तर होते. येथे नायकाचे कृष्णवर्णीय असणे हा खांबच आहे. तो काढला तर कथेला अर्थच राहत नाही. यावरून एक मोलाची गोष्ट लक्षात येते. ‘सर्व पात्रांचे वर्ण सारखेच बदलता येतात’ हे म्हणणे जसे खोटे, तसेच ‘कोणत्याच पात्राचा वर्ण बदलू नये’ हेही खोटे.

२०१८ साली दिग्दर्शक रायन कूगलर यांनी या कथेवर चित्रपट केला. टीचालाची भूमिका चॅडविक बोसमन यांनी केली. वकांडा हे राज्य काल्पनिक. परंतु त्याची उभारणी खऱ्या आफ्रिकेच्या अभ्यासातून झाली. पात्रांच्या तोंडी दक्षिण आफ्रिकेतील खोसा ही भाषा घातली गेली. वेषभूषाकार रूथ कार्टर यांनी मसाई, झुलू, हिंबा अशा अनेक जमातींच्या वस्त्रालंकारांचा आधार घेतला. सीमेवरील योद्ध्यांच्या खांद्यांवर लेसोथो देशातील बासोथो लोकांची कांबळी आली. राजमातेच्या मस्तकी झुलू विवाहित स्त्रियांच्या शिरोवेष्टनाचा घाट आला. या कामाबद्दल कार्टर यांना, आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना, २०१९ मध्ये ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्या त्या विभागात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय अमेरिकी व्यक्ती होत. चित्रपटाने जगभर १३० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. अशा नायकाला प्रेक्षक लाभणार नाही, ही व्यापाऱ्यांची जुनी समजूत त्यामुळे फोल ठरली.

मात्र हा चित्रपट मुळाची नक्कल नव्हे. मूळ कथेतील एका प्रतिस्पर्ध्याला ‘वानरमानव’ अशा अर्थाचे नाव होते. कृष्णवर्णीय माणसाला असे नाव देणे हा त्याचा अपमानच होय. चित्रपटाने ते नाव टाकले, एम्बाकू हे त्याचे खरे नाव ठेवले आणि त्याला मानी, विनोदी व वेळेला धावून येणारा सरदार बनविले. मुख्य प्रतिनायक किलमाँगर याचे बालपण चित्रपटाने कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी नेले. हेच दिग्दर्शकाचे जन्मगाव. हा किलमाँगर विचारतो, की जगभर आपले बांधव हाल सोसत असताना समर्थ वकांडा लपून का बसला? हा प्रश्न इतका सच्चा आहे, की नायकालाही त्याचा विचार करावा लागतो आणि अखेरीस तो आपल्या राज्याची दारे जगाला उघडतो. बदल झाला, परंतु तो मूळ कल्पनेच्या दिशेनेच झाला. बीज तेच, झाड मात्र अधिक वाढले. असा बदल ही बेइमानी नव्हे.

काही वेळा मुळातच खोट असते. शांग-ची हा चिनी वीर १९७३ साली चित्रकथेत आला. त्याचा पिता म्हणून फू मांचू हे पात्र योजले होते. सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांतील हा कपटी खलपुरुष म्हणजे चिनी लोकांविषयी पाश्चात्त्यांनी बाळगलेल्या भीतीचा व तिरस्काराचा पुतळाच होता. २०२१ साली चित्रपट करताना त्याला पूर्णपणे वगळण्यात आले. त्याच्या जागी वेनवू हा पिता आला. तोही क्रूर आहे; परंतु पत्नीच्या वियोगाने तो भ्रमिष्ट झाला आहे, आणि टोनी लिआँग या नटाने त्याचे दुःख प्रेक्षकांच्या हृदयाला भिडविले. बापाच्या दुष्कृत्यांत वाटेकरी व्हावयाचे की त्याच्याविरुद्ध उभे राहावयाचे, हा मुलापुढील पेच मूळ कथेचा प्राण होता. तो प्राण तसाच राहिला. टाकला गेला तो केवळ द्वेष.

तथापि चांगला हेतू असला की बदल चांगलाच होतो, असे नाही. ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या मूळ कथेत नायकाचा गुरू हा एक वृद्ध तिबेटी पुरुष आहे. पौर्वात्य म्हणजे गूढविद्या जाणणारा म्हातारा, हा ठोकळेबाज साचा टाळावा म्हणून २०१६ च्या चित्रपटात ही भूमिका टिल्डा स्विंटन या गोऱ्या अभिनेत्रीला देण्यात आली. साचा मोडला खरा, परंतु त्याबरोबर आशियाई माणसाची जागाही गेली. साचा मोडण्याचा दुसरा मार्ग होता. त्या तिबेटी गुरूला जिवंत, स्वतंत्र स्वभावाचे माणूस करणे. दुसराही मार्ग असू शकला असता, हे निर्मात्यांनी २०२१ मध्ये मान्य केले. चित्रातील डाग पुसताना चित्रच पुसले जाऊ नये, हा धडा यातून मिळतो.

वर्ण व वंश तसेच ठेवूनही इमान सुटू शकते काय? ‘मिस मार्व्हल’ची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २०१४ साली स्वतंत्र चित्रकथेची नायिका झालेली कमला खान ही जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी वंशाच्या मुसलमान कुटुंबातील शाळकरी मुलगी. तिला हवे ते रूप धारण करण्याची शक्ती मिळते, आणि पहिल्याच वेळी ती आपल्या आवडत्या, सोनेरी केसांच्या वीरांगनेचे रूप घेते. पराक्रम करावयाचा तर चेहरा दुसऱ्याचाच हवा, असे त्या मुलीला वाटते! पुढे तिला उमगते, की ते रूप आपल्याला अवघडून टाकते. आणि ती स्वतःच्याच चेहऱ्याने उभी राहते. २०२२ साली निघालेल्या सहा भागांच्या मालिकेत ही भूमिका कराचीत जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या इमान वेलानी हिने केली. घर, सण, भाषा, आईचा धाक हे सारे त्यात जिव्हाळ्याने आले. परंतु शक्ती बदलली. रूप पालटण्याऐवजी प्रकाश निर्माण करण्याची विद्या तिला एका बांगडीतून मिळाली. कित्येक वाचकांना याचे वाईट वाटले, आणि ते वाटणे निराधार नव्हते. कारण ती शक्ती हा येथे रंग नव्हता, खांब होता. त्याच्या बदल्यात मालिकेने दुसरे काही दिले. ती बांगडी पणजीची होती, आणि तिच्या द्वारे कथा १९४७ च्या फाळणीपर्यंत, निर्वासितांनी भरलेल्या आगगाडीपर्यंत पोहोचली. काय गमावले आणि काय मिळविले, याचा हिशेब प्रत्येक प्रेक्षकाने मांडावा. परंतु तो मांडताना दोन्ही रकाने भरावेत.

यांशिवाय आणखी एक मार्ग आहे. जुन्याचे रूप न बदलता त्याच्या शेजारी नवा नायक उभा करावयाचा. स्पायडर-मॅनचा मुखवटा सगळा चेहरा झाकतो. त्यामागे कोणीही असू शकतो. २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा मुलगा चित्रकथेत त्या मुखवट्यामागे आला. त्याचा पिता कृष्णवर्णीय अमेरिकी, तर माता पोर्तो रिकोची. पहिला पीटर पार्कर कायमच राहिला, आणि माइल्सच्या कथेवरील २०१८ च्या सचेतन चित्रपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. याच कुळातील पवित्र प्रभाकर हा तर मुंबईचा. २००४ साली भारतीय चित्रकथाकारांनी तो निर्माण केला. पीटर पार्कर या नावाचा ध्वनी त्याच्या नावात सहज ऐकू येतो. २०२३ च्या चित्रपटात तो दिसतो ते मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या नगरीत. तेथे माइल्सच्या तोंडून ‘चाय टी’ असे शब्द निघतात, तेव्हा चाय म्हणजेच टी, असे पवित्र त्याला ठणकावतो. हा चित्रपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला. त्यांत मराठीही होती.

तेव्हा रूपांतर पाहताना सुज्ञ प्रेक्षकाने तीन गोष्टी तपासाव्यात. जे बदलले ते कथेचा खांब होते की रंग? बदल करताना अभ्यास केला, की केवळ चेहरा बदलला? आणि या बदलाने कथेतील माणूस अधिक खरा झाला, की कमी? उत्तर प्रतिकूल असेल तर टीका अवश्य करावी. परंतु ती कृतीवर करावी. भूमिका करणाऱ्या नटाच्या वर्णावर वा जातकुळीवर घसरणे ही टीका नव्हे. ती हीन वृत्ती होय. दुर्दैवाने या वादात अनेक नटनट्यांना असे अपशब्द सोसावे लागले आहेत.

मुळावर प्रेम करणारा वाचक आणि आपल्यासारखा नायक कधीच न पाहिलेले मूल, हे दोघेही कथेचे हक्कदार आहेत. पहिल्याला ओळखीची कथा परत हवी असते. दुसऱ्याला त्या कथेत पाय ठेवण्यापुरती जागा हवी असते. चांगला रूपांतरकार एकाचे काढून दुसऱ्याला देत नाही. परक्या ग्रहावरून आलेल्या पोरक्या मुलाला ज्या कथांनी आपले म्हटले, त्या कथांच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला ‘तू आमचा नाहीस’ असे सांगणे, हेच मूळ कथेशी सर्वांत मोठे बेइमान ठरेल.