माओच्या चीनचा हिशेब

साम्यवादी राजवटींवर वाद पेटला की एक बाजू शाळा-दवाखाने मोजते, दुसरी मृतदेह. दोन्ही आकडे खरे असतात, म्हणून वाद संपत नाही. माझ्या मते प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारावा: एकाच पक्षाची निरंकुश सत्ता नसती तरी हे घडले असते का? १९४९ ते १९७६ या काळातल्या चीनला तो विचारून पाहू.

वाढलेले आयुष्य

१९४९च्या सुमारास चीनमध्ये सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आत होते. माओ गेले तेव्हा ते ६५च्या घरात पोचले होते. भारताने तेव्हा जेमतेम पन्नाशी ओलांडली होती. काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर खेड्यापाड्यांत नेमलेल्या ‘अनवाणी डॉक्टरां’ची संख्या सत्तरच्या दशकाच्या मध्याला पंधरा लाखांच्या वर गेली. लस टोचणे, किरकोळ आजार पाहणे, गावाच्या स्वच्छतेकडे लक्ष देणे ही त्यांची कामे. उरलेला वेळ ते इतरांसारखेच शेतात राबत.

हे यश मोठेच आहे. पण त्यासाठी हुकूमशाही लागतेच असे नाही. केरळने निवडणुका, विरोधी पक्ष आणि वर्तमानपत्रे शाबूत ठेवून जवळपास तोच पल्ला गाठला.

१९५८ नंतरची उपासमार

‘ग्रेट लीप फॉरवर्ड’ मोहिमेत शेतकऱ्यांना सामूहिक शेतीच्या कम्यूनमध्ये कोंबले गेले. पोलादासाठी घरातली भांडीकुंडी वितळवली गेली आणि कापणीला माणसे उरली नाहीत. वरिष्ठांना खूश करण्यासाठी स्थानिक अधिकारी पिकाचे आकडे फुगवून कळवत. सरकारी वसुली त्या फुगवलेल्या आकड्यांवर होई, आणि शेतकऱ्याच्या घरातले खाण्यापुरते धान्यही उचलले जाई. जुलै १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी माओंना पत्र लिहून धोका दाखवला. त्यांनाच पदावरून हटवले गेले. त्यानंतर खरे बोलायला कोण धजावणार? त्याच वर्षी चीनने ४० लाख टनांच्या आसपास धान्य निर्यात केले. बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. खराब हवामानाचा वाटा होता, पण राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांनी पुढे पक्षाच्याच बैठकीत या संकटातला मोठा दोष माणसांचा असल्याचे मान्य केले.

महाराष्ट्र, १९७२

आपल्याकडचा बहात्तरचा दुष्काळही भीषण होता. पण इथे मोर्चे निघाले, विधानसभेत प्रश्न विचारले गेले, बातम्या छापून आल्या. सरकारला कामे काढावीच लागली, आणि १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडताना लोकांचे हाल झाले, तरी चीनसारखा संहार टळला. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचे म्हणणे हेच आहे: जिथे वर्तमानपत्रे मोकळी आणि विरोधक जागे असतात, तिथे दुष्काळाचा असा संहार होत नाही.

मात्र सेन आणि त्यांचे सहलेखक ज्याँ द्रेझ यांनी भारतालाही सोडलेले नाही. त्यांच्या हिशेबाप्रमाणे भारतातला मृत्युदर चीनपेक्षा इतका जास्त होता की दर आठेक वर्षांत चीनमधल्या त्या उपासमारीइतके जादा मृत्यू इथे गाजावाजा न होता होत. लोकशाहीवाद्यांनी हा आकडा गिळून टाकू नये.

सुधारणांनंतर

माओंनंतरच्या आर्थिक सुधारणांत, ऐंशीच्या दशकात, चीनमधले कम्यून मोडले, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. पण त्याच काळात, एकेकाळी सुमारे ९० टक्के खेड्यांत असलेली सहकारी आरोग्य योजना ५ टक्क्यांपर्यंत घसरली. मतपेटीतून याचा जाब विचारण्याची सोय गावकऱ्यांना नव्हती. ग्रामीण भागासाठी नवी योजना सुरू झाली ती थेट २००३ मध्ये.