‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?’ एवढ्यावर नेमकं उत्तर मिळत नाही

जुलैत दोन-तीन मोठे पाऊस झाले की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो. एक धूसर फोटो आणि खाली, ‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?’ पाच मिनिटांत तीन औषधांची नावं येतात, तिन्ही वेगळी.

अडचण अशी की पिवळेपणाची कारणं बरीच. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेकदा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या रानात हे जास्त दिसतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडतंय का, ते बघावं लागतं. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक असू शकतो. हा विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाड कुठल्याच औषधानं बरं होत नाही. ते उपटून नष्ट करायचं आणि माशी आवरायची. इथं कुणी बुरशीनाशक सांगितलं आणि तुम्ही ते मारलं, तर पैसे गेलेच, वर रोग शेजारच्या रानात.

म्हणून विचारतानाच सांगा: पेरणी कधीची, वाण कोणता, पिवळेपणा वरून की खालून, पाणी साचलं होतं का, आणि मागच्या आठ-दहा दिवसांत काय फवारलं. तणनाशकाच्या ताणानंही पानं पिवळी पडतात, पण नेमकं हेच सांगायला लोक लाजतात. फोटो उजेडात काढा. एक पानाचा जवळून, एक अख्ख्या ओळीचा.

उत्तर देणाऱ्यांनाही दोन शब्द. ‘एवढंही कळत नाही का?’ असं एकदा वाचलं की तो माणूस परत विचारत नाही. गुपचूप दुकानात जातो आणि देतील ते घेऊन येतो. त्यापेक्षा ‘दादा, वरची पानं की खालची?’ एवढं विचारा. खात्री नसेल तर औषधाचं नाव टाकू नका, ‘सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा’ म्हणा. हसण्याचे इमोजी टाकणारेही असतात. त्यांचं सोयाबीन बहुतेक हिरवं असावं.

ग्रुपवर उलगडा झाला नाही तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आहे. फोन मोफत, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलता येतं. फोनवर पान दिसत नाही, त्यामुळे वरची माहिती तिथं जास्तच लागते.

आणि आठवड्यानं काय फरक पडला, तेही ग्रुपवर टाका. फरक पडला नसेल तरी टाका.