वाचकांचं पत्र आणि परार्थानुमान

न्यायदर्शनात अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत, हे आपण मागे पाहिलं. स्वतःची खात्री पटावी म्हणून करतो ते स्वार्थानुमान आणि दुसऱ्याला पटावं म्हणून मांडतो ते परार्थानुमान. आता वर्तमानपत्रातलं वाचकांच्या पत्रांचं सदर उघडून बघा. बरीचशी पत्रं स्वार्थानुमानाची असतात. लिहिणाऱ्याला आधीच पटलेलं असतं, आणि तो तेच पुन्हा जोरात सांगतो. काही तर निव्वळ वितंडा असतात, म्हणजे समोरच्याचं सगळं खोडायचं आणि स्वतःचं म्हणणं मात्र मांडायचंच नाही.

एक नेहमीचा विषय घेऊ. 'पदपथ चालण्यासाठी आहेत, फेरीवाल्यांनी ते बळकावले, पालिका झोपली आहे, सर्वांना हटवा.' हे पत्र कोण वाचणार? आयुक्त वाचतीलच असं नाही. वाचणार तो माणूस, जो रोज संध्याकाळी त्याच गाडीवरून भाजी घेतो. चालायला जागा हवी हे त्यालाही मान्य आहे, पण त्यातून 'हटवा' हे कसं निघालं, हे त्याला कळत नाही. मधली पायरी आपण गाळलेली असते.

परार्थानुमानाच्या पाच अवयवांत प्रतिज्ञा आणि हेतू यांच्यानंतर उदाहरण येतं. ते कसं हवं? न्यायसूत्रांत दृष्टांताची अट अशी, की सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांचं त्यावर एकमत असलं पाहिजे. ही अट फार मोलाची आहे. शाळा सुटताना आजी नातवाचा हात धरून बसच्या वाहतुकीत उतरते, हे भाजी घेणाऱ्यालाही दिसतं आणि विकणाऱ्यालाही. तिथून सुरुवात करावी. मग मागणी आपोआप नेमकी होते: शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंतची एक बाजू मोकळी ठेवा आणि विक्रेत्यांना जागा नेमून द्या. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. आपल्या शहरात ती समिती आहे का, तिची बैठक कधी झाली, हे पत्रात विचारावं. 'पालिका झोपली आहे' याला उत्तर नसतं, या प्रश्नाला असतं.

आपल्याकडे याचा फार चांगला नमुना आहे. 1885 मध्ये रखमाबाईंनी 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियाला बालविवाहावर पत्र लिहिलं. नवऱ्याने लावलेला दावा तेव्हा कोर्टात होता. त्यांनी काय दाखवून दिलं? लग्न झालेल्या मुलीला पुढे शाळेत पाठवायचं तर सासूची परवानगी लागते. शास्त्रार्थावर लोक भांडत होते, पण ही गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक होती. सुधारक असो की सनातनी, नाकारणार कोण? (वाद शमला नाही, हेही खरं. पत्राकडून तेवढी अपेक्षा करूच नये.)

लांबीबद्दल फार बोलत नाही. संपादक कापणारच, म्हणून दृष्टांत आणि मागणी वर घ्यावी, संताप खाली ठेवावा. आणि पाठवण्याआधी घरात भाजी आणणारं जे कुणी असेल, त्याला ते वाचून दाखवावं. तो जिथे 'पण...' म्हणेल, तिथलं वाक्य पुन्हा लिहावं.