जनित्र चालते, वीज मात्र येत नाही

कोयना जलाशयाच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प उभा आहे. हीच कोयना कराड येथे कृष्णेला मिळते. परंतु महापुराच्या दिवसांत या नद्यांच्या काठची गावे अंधारात जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अशा प्रसंगी रोहित्रे पाण्यात जातात, खांब पडतात किंवा सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद ठेवावा लागतो. तेव्हा निवारा केंद्रातील दिवे आणि गावाशी संपर्क राखणारे दूरध्वनी यांची भिस्त लहानशा सुवाह्य जनित्रावर असते. वर्षभर कोठीत पडून राहिलेले ते यंत्र दोरी ओढताच सुरू होते. दिवा मात्र लागत नाही. इंजिन ठीक असूनही असे का व्हावे?

वीज निर्माण कशी होते?

जनित्रातील फिरता भाग हा विद्युतचुंबक असतो. त्याला चुंबक करण्यासाठी वीज लागते आणि ती वीज जनित्र स्वतःच पुरवते. यंत्र थांबल्यावरही लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. पुन्हा फिरू लागताच त्यापासून अल्प दाबाची वीज उत्पन्न होते. ती गुंडाळीत जाऊन चुंबकत्व वाढवते आणि क्षणार्धात दाब २३० व्होल्टपर्यंत चढतो. वर्नर सीमेन्स यांनी १८६७ मध्ये मांडलेले तत्त्व हेच होय. विरजणाप्रमाणेच येथेही आरंभी थोडे शिल्लक असावे लागते. दीर्घकाळ न वापरल्याने हे शेष चुंबकत्व नाहीसे झाले, तर इंजिन कितीही धावले तरी वीज येत नाही.

तपासणीचा क्रम

प्रथम सर्व उपकरणे सोडवून ठेवावीत. जनित्रावरील ब्रेकर पडला असल्यास पूर्ण खाली करून पुन्हा वर करावा. दुसरा दिवा व दुसरी वायर लावून पाहावी. पुष्कळदा दोष जनित्रात नसून वायरीत असतो. इंजिनाची गतीही पाहावी. या प्रकारची बहुतेक जनित्रे ५० आवर्तनांसाठी मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेतात; गती मंदावली तर दाब चढत नाही.

यानंतर जाणकार तंत्रज्ञाने व्होल्टमीटर लावावा. काही थोडेच व्होल्ट दिसल्यास शेष चुंबकत्व कायम आहे, दोष पुढे आहे असे समजावे. कार्बन ब्रश झिजले किंवा अडकले असतील, त्यांच्या कड्यांवर गंज चढला असेल, अथवा दाब नियंत्रित करणारा एव्हीआर निकामी झाला असेल. ब्रश नसलेल्या जनित्रात बहुधा कपॅसिटर तपासावा लागतो. काटा शून्यावरच राहिला, तर तुटलेली जोडणी, तुटलेली गुंडाळी किंवा गेलेले चुंबकत्व यांचा संशय घ्यावा. चुंबकत्व बॅटरीच्या साहाय्याने क्षणभर प्रवाह देऊन परत आणता येते. मात्र धन व ऋण टोके चुकल्यास यंत्राची हानी होते. म्हणून हे काम तंत्रज्ञानेच, निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार करावे. इंजिन बंद असतानाही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, याचा विसर पडू नये.

जीव राखून काम

पुरात बुडालेले जनित्र वाळवून तपासल्याशिवाय सुरू करू नये. जनित्र खोलीत किंवा बंद पडवीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच प्राण घेतो. इमारतीच्या वायरिंगला जनित्र जोडावयाचे असल्यास चेंजओव्हर स्विच अनिवार्य आहे. तो नसल्यास वीज उलट वाहिनीत शिरते, रोहित्रातून तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो आणि खांबावर दुरुस्ती करणारा कर्मचारी तिला बळी पडू शकतो.

हे सारे टाळण्याचा उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा जनित्र बाहेर काढून अर्धा तास दिव्यांच्या भारावर चालवावे व त्याची नोंद वहीत ठेवावी. केवळ इंजिन सुरू करून पाहणे पुरेसे नाही. दिवा लागला, हीच खरी चाचणी. ग्रामपंचायतीने ही जबाबदारी मे महिन्यापूर्वीच एका व्यक्तीवर नावानिशी सोपवली, तर नदीने इशारा पातळी ओलांडलेल्या रात्री यंत्राची परीक्षा घेण्याची वेळ गावावर येणार नाही.