सन्मान निधीचा हप्ता का अडतो?



'शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आले, माझ्या का नाही?' हा प्रश्न शेतकरी मेळाव्यांत नेहमी विचारला जातो. पुष्कळदा शेतकरी पात्र असतो. परंतु सात-बारा, आधार व बँक खाते या तीन नोंदींचा मेळ बसलेला नसतो. म्हणून या नोंदी हंगामापूर्वीच तपासून घ्याव्यात.

किती रक्कम मिळते?

पीएम-किसान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० रुपयांप्रमाणे मिळतात. राज्य शासनाने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेतून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. राज्याचा हप्ता पीएम-किसानच्याच यादीवरून दिला जातो. त्यामुळे एका ठिकाणी नाव अडले की दोन्हीकडची रक्कम थांबते.

काय तपासावे?

१) सात-बारा : जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी आपल्या नावावर असावी लागते. त्यानंतर खरेदी केलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. वारसाने आलेली जमीन मात्र याला अपवाद आहे.

२) आधार : सात-बाऱ्यावर 'दत्तू' आणि आधारवर 'दत्तात्रय' असेल तर अडचण येते. सात-बाऱ्यातील लेखनदोष दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. ई-केवायसी मोबाइलवरील ओटीपीने, सेवा केंद्रात अंगठा देऊन किंवा पीएम-किसान अ‍ॅपवर चेहरा दाखवून करता येते.

३) बँक खाते : बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झाले असे नाही. खाते थेट लाभासाठी आधारशी संलग्न असावे लागते. दोन-तीन बँकांत खाती असल्यास शेवटी संलग्न केलेल्या खात्यात रक्कम जाते. जिल्हा बँकेत हप्ता दिसला नाही, तर आधी दुसऱ्या खात्याचे पासबुक भरून पाहावे.

नोकरी करणाऱ्या खातेदारांसाठी

खडकी, दापोडी परिसरात कारखान्यात नोकरी आणि गावी जमीन असे अनेक खातेदार आहेत. शासकीय किंवा सरकारी उपक्रमातील नियमित कर्मचारी, दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे आणि मागील वर्षी आयकर भरलेले खातेदार या लाभास पात्र नाहीत. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना नोकरी व निवृत्तिवेतनाच्या अटीतून सूट आहे. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते व त्यात एकालाच लाभ मिळतो. चुकीने घेतलेली रक्कम परत करावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

वारस नोंद लांबवू नये

खातेदाराच्या निधनानंतर त्याच्या नावाचे हप्ते काढत राहू नये. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीसाठी अर्ज करावा. फेरफार मंजूर झाल्यावर पात्र वारसाने स्वतःची नवीन नोंदणी करावी.

कृषी विभागाच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक केला आहे. तो अद्याप काढला नसल्यास सात-बारा, आधार कार्ड व आधारशी जोडलेला मोबाइल घेऊन सेवा केंद्रात जावे. तरीही हप्ता न आल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी.